दीड दिवसाच्या घरातली ऋषीची भाजी

ऋषीच्या भाजीला फोडणी नसते. तेल नाही, मोहरी नाही, हळद-हिंग नाही, गूळही नाही. पाणी, मीठ, हिरवी मिरची, चिंच आणि ओलं खोबरं, एवढ्यावर ती उभी राहते. मसाल्यामागे लपायची सोय नसल्यामुळे प्रत्येक भाजी जशी असेल तशी पानात येते. मका निबर असला तर निबरच लागतो आणि सुरण खाजरा असला तर घसा लगेच सांगतो.

आमच्याकडे प्रभादेवीला दीड दिवसाचा गणपती असतो. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला बाप्पा येतात, पंचमीला संध्याकाळी निघतात, आणि त्या पंचमीच्या दुपारी ही भाजी नैवेद्यात हवीच. आई ऋषिपंचमीचा उपास धरते. तिचे गुडघे दुखायला लागल्यापासून भाजी मी करतो. आधी ती शेजारी उभी राहून शिकवायची, आता स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि तिथूनच वासावरून सांगते की शिराळी घालायची वेळ झाली. जेवायला काका-काकू, आत्या, बहिणीचं कुटुंब, वरच्या मजल्यावरच्या आजी, असे पंधराएक जण असतात.

ऋषिपंचमीचा नियम बहुतेकांना माहीत असतो: बैलाच्या श्रमाचं खायचं नाही. नांगरलेल्या शेतातला तांदूळ, गहू, डाळी सगळं त्या दिवशी बाजूला. मग उरतं ते कुदळीने खणून लावलेलं, कुंपणावर चढलेलं, नाहीतर आपोआप उगवलेलं. आईचं माहेर अलिबागजवळ. तिच्या लहानपणी पाऊस सुरू झाला की परसात मका टोचायचे, मांडवावर पडवळ आणि शिराळी सोडायचे, शेणखताच्या खड्ड्याशेजारी भोपळ्याचा वेल आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू. भाद्रपद लागेपर्यंत हे सगळं एकदम हाताशी येतं. ऋषीची भाजी म्हणजे त्या परसाने दिलेली हजेरी. भात म्हणून वरी शिजवतात. आईच्या आजोळी खाचरांच्या कडेला आपोआप उगवणारं देवभात राखून ठेवायचे, असं ती सांगते.

माझ्या भाच्याने एकदा विचारलं, "आजी, आता शेतं ट्रॅक्टरने नांगरतात. मग तो तांदूळ चालेल ना?" आई म्हणाली, "एक दिवस तरी हाताने जेवढं पिकतं तेवढ्यावर भागवायचं, बाळा. बैलाला सुट्टी आणि जमिनीलाही." मला हे उत्तर पूर्ण पटलेलं आहे.

भाजीतल्या मक्याबद्दल मी वाचत गेलो तेव्हा या नियमाला एक वेगळीच बाजू मिळाली. मका मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या लोकांनी सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून निवडत निवडत तो घडवला. लाल भोपळा, मिरची आणि भुईमूगही अमेरिका खंडांतलेच. ही पिकं आपल्याकडे आली ती कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर, मुख्यतः पोर्तुगीजांच्या जहाजांवरून. उत्तर अमेरिकेतले हौडेनोसौनी लोक मका, घेवडा आणि भोपळा एकाच मातीच्या उंचवट्यावर लावत आणि त्यांना तीन बहिणी म्हणत. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत धरून ठेवतात आणि भोपळ्याची रुंद पानं माती झाकून ओल टिकवतात. युरोपीय लोक तिथे पोचेपर्यंत नांगराला जुंपायला त्या लोकांकडे बैल नव्हता, घोडाही नव्हता. सगळी शेती माणसांच्या हातांनी केलेली.

म्हणजे ज्या पिकांनी बैल कधी पाहिलाच नव्हता, ती समुद्र ओलांडून आली आणि बैलाला सुट्टी देणाऱ्या आपल्या पातेल्यात जाऊन बसली. हे कुणी ठरवून केलेलं नसणार. परसातल्या बाईने नवं बी लावून पाहिलं, ते पावसात जोमाने आलं, म्हणून ते भाजीत गेलं. सप्तर्षींच्या काळी यातलं निम्मं नव्हतं असं कुणी म्हणालं तर खरंच आहे. परंपरा चालवणाऱ्या बायका चांगलं बी ओळखणाऱ्या होत्या, एवढंच त्यातून दिसतं. मका आणि शेंगांचे दाणे एकत्र खाण्यालाही अर्थ आहे. मक्याच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, कडधान्यांत ते भरपूर असतं, आणि दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. केनियातल्या किकुयू घरांत मका आणि घेवड्याचे दाणे एकत्र उकडून गिथेरी करतात, तीही याच जोडीची.

खरेदी हरतालिकेच्या दिवशी सकाळी. दादर स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की पत्री, केवडा, शमी, दुर्वा यांच्या राशींमधून वाट काढत जावं लागतं. त्या गर्दीतच वसई-विरारकडून पहाटेच्या लोकलने आलेल्या भाजीवाल्या बसलेल्या असतात. ऋषीच्या भाजीचे तयार वाटेही तिथे मिळतात: थोडं अळू, माठाची जुडी, सुरणाचा तुकडा, दोन भेंड्या, मक्याच्या चकत्या. एकट्या-दुकट्या माणसासाठी ते बरे. मी मात्र प्रत्येक जिन्नस वेगळा घेतो. वाट्यातला सुरण कापून बराच वेळ झालेला असतो, आणि मका बहुतेक वेळा स्वीटकॉर्न असतो.

मक्याच्या बाबतीत मी हट्टी आहे. स्वीटकॉर्नच्या दाण्यात साखरेचा स्टार्च नीट होतच नाही, म्हणून तो गोड राहतो आणि भाजीचा रस पाण्यासारखा पातळ राहतो. देशी पांढऱ्या कणसाचा दाणा शिजताना रसात थोडा स्टार्च सोडतो आणि त्यावर भाजी मिळून येते. कणीस सोलून एका दाण्याला नख लावायचं. पाणी उडालं तर कोवळं, घट्ट दूध आलं तर हवं तसं, काहीच आलं नाही तर ते भाजायला सोडून द्यायचं. भाजीवाल्या मावशी आता मला ओळखतात. त्या स्वतःच नख लावून दाखवतात आणि म्हणतात, "हे घे, ऋषीचं आहे ना तुझं?"

शेंगांत मी चवळी घेतो. दोन प्रकारांनी: कोवळ्या शेंगा मोडून घालायला, आणि फुगलेल्या, दाणे भरलेल्या शेंगा सोलायला. सोबत श्रावण घेवडा, थोडी गवार आणि ओल्या भुईमुगाच्या शेंगा. वालावरून आमच्या घरात दरवर्षी बोलणं होतं. आत्याचं म्हणणं, भिजवून सोललेल्या डाळिंब्या घातल्याशिवाय चव नाही. आई म्हणते, वाल शेतातला. कुंपणावरच्या वेलाचा असेल तर आण. बाजारात तो कुठला हे कळायचा मार्ग नाही, म्हणून वाल राहतो बाहेर आणि चवळीचे ओले दाणे त्याची जागा घेतात. मलाही तेच आवडतं. ओल्या दाण्याला भिजवावं लागत नाही आणि मक्याबरोबर तो अगदी एका वेळी शिजतो.

पंधरा माणसांसाठी माझं प्रमाण असं: देशी कणसं पाच, सोललेले चवळीचे दाणे आणि ओले शेंगदाणे मिळून चार वाट्या, सुरण अर्धा किलो, लाल भोपळा अर्धा किलो, अळूच्या दोन जुड्या देठांसकट, लाल माठाच्या दोन जुड्या, अंबाडीची लहान जुडी, एक पडवळ, तीन-चार शिराळी, दोन कच्ची केळी, पाव किलो भेंडी, शेंगा सगळ्या मिळून अर्धा किलो, एक मोठा नारळ, लिंबाएवढी चिंच. मिरच्या आठ-दहा, तिखटपणा पाहून. पालेभाज्या हरतालिकेला घेतल्या तर पंचमीपर्यंत मान टाकतात, म्हणून त्या चतुर्थीच्या पहाटे माझी बहीण येताना घेऊन येते.

चतुर्थीचा दिवस मोदकांचा. त्या दिवशी या भाजीला कुणी हात लावत नाही. रात्रीची आरती झाली, पाहुणे पांगले की बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रं अंथरून आम्ही निवडायला बसतो. अळूची देठं सोलणं, माठाची पानं देठांपासून वेगळी करणं, शेंगा सोलणं. अळू आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच हाताला आणि घशाला टोचतात. हात कोरडे ठेवायचे आणि खोबरेल लावायचं, म्हणजे खाज कमी. सुरण मात्र मी कुणाला देत नाही, स्वतःच चिरतो. जाड साल काढून सुपारीहून थोड्या मोठ्या फोडी, आणि त्या चिंचेच्या पाण्यात घालून वेगळ्या उकडून ठेवतो. ते पाणी दुसऱ्या दिवशी फेकायचं.

या निवडण्याच्या बैठकीत पूर्वी आत्या ऋषिपंचमीची कहाणी सांगायची. पाळीच्या दिवसांत घरभर शिवाशिव केली म्हणून एक बाई पुढच्या जन्मी कुत्री होते, तिचा नवरा बैल होतो, आणि दोघं स्वतःच्याच मुलाच्या घरी राहतात. मुलगा त्या बैलाला दिवसभर राबवतो आणि उपाशी ठेवतो. शेवटी ऋषींनी सांगितलेल्या व्रताने त्यांची सुटका होते. माझी मुलगी मोठी झाली तेव्हा तिने ही कहाणी ऐकून घेतली आणि शांतपणे विचारलं, "त्या बाईने वाईट काय केलं?" खोलीतल्या एकाही बाईने उत्तर दिलं नाही. आत्या बराच वेळ अळूची देठं सोलत राहिली. त्या वर्षापासून आमच्याकडे कहाणी वाचली जात नाही.

मला त्या प्रश्नाचा अभिमान वाटतो. त्या कहाणीत दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, बाईच्या शरीराला लावलेला दोष आणि राबणाऱ्या जनावराविषयीची कणव. पहिली सोडून द्यायला हवी आणि दुसरी धरून ठेवायला हवी. आईने हे माझ्यासारखं बोलून दाखवलं नाही, करून दाखवलं. मुलीची पाळी नेमकी ऋषिपंचमीला आली तेव्हा आईनेच तिच्या हातात विळी दिली आणि म्हणाली, "भोपळा तू चीर, तुझ्या फोडी सारख्या येतात." नैवेद्याचं पानही तिनेच वाढलं. आई स्वतः अजून उपास करते, आघाड्याच्या काड्यांनी दात घासते, सात सुपाऱ्या मांडून सप्तर्षींची आणि आठवी अरुंधतीची पूजा करते. तो तिचा भाव आहे आणि मी त्याच्या आड येत नाही.

पंचमीला सकाळी सात वाजता मी पातेलं चढवतो. जाड बुडाचं, मोठं, रुंद. कुकरला या भाजीत जागा नाही, कारण इथे प्रत्येक जिन्नसाची वेळ वेगळी आहे आणि कुकर सगळ्यांना एकच वेळ देतो.

सगळ्यात आधी पाणी उकळायला ठेवून त्यात कणसांचे दोन बोटं जाडीचे तुकडे, चवळीचे दाणे आणि ओले शेंगदाणे. कणसं तोडताना सुरी दांड्यावर ठेवून वरून वरवंट्याने ठोकायची, म्हणजे दाणे चिरडत नाहीत. एका कणसाचे दाणे मी किसून ठेवतो, ते शेवटी लागतात. हे पहिलं शिजणं पाऊण तास चालतं आणि यात घाई चालत नाही. चिंच या टप्प्याला अजिबात घालायची नाही. आंबट पाण्यात भाज्यांच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही, म्हणून चिंच आधी पडली तर दाणे तासभर उकळूनही कडक राहतात. सुरण चिंचेच्या पाण्यात वेगळा उकडायचं तेही एक कारण.

मक्याचा दाणा दाताखाली मऊ लागला आणि स्वयंपाकघरात त्याचा गोडसर वास भरला की दुसरी फळी. अळूची देठं, माठाची जाड देठं, कच्च्या केळ्याच्या सालीसकट फोडी, उकडलेला सुरण. त्यानंतर दहा मिनिटांनी शेंगा, म्हणजे चवळी, घेवडा आणि गवार. मग लाल भोपळा, सालीसकट आणि मोठ्या फोडींचा. लहान केल्या तर विरघळून जातात. या वेळेपासून डाव फिरवणं बंद. पातेलं दोन्ही कडांनी धरून हलकं हलवायचं. आईची ही सक्त सूचना आहे आणि तिचं महत्त्व वाढताना कळतं. ढवळलेल्या भाजीचा लगदा होतो, आणि मग आत काय काय आहे ते खाणाऱ्याला ओळखता येत नाही.

मग शिराळी आणि पडवळ. ही दोन्ही अंगचं पाणी सोडतात, त्यामुळे भाजी अचानक सैल दिसू लागते. घाबरायचं कारण नाही, पालेभाजी आणि किसलेला मका तो रस ओढून घेतात. अळूची पानं, माठाचा पाला आणि अंबाडी बारीक चिरून वरून पसरायची आणि झाकण न ठेवता पाला बसू द्यायचा. माठाचा लाल रंग आता सगळीकडे उतरतो. भोपळ्याच्या कडा गुलाबी होतात, मक्याचे दाणेही. अळू नीट शिजलंच पाहिजे, तिथे पाच मिनिटं वाचवायला जाऊ नये.

आता मीठ, वाटलेल्या मिरच्या आणि चिंचेचा कोळ. भेंडी कोळाबरोबरच घालायची, आंबटात तिची तार कमी सुटते. किसलेला मका घातला की पाच-सात मिनिटांत रस दाटतो आणि फोडींना धरून राहतो. शेवटी खवलेलं खोबरं, एक वाफ, गॅस बंद. काही घरांत वरून लोणी घालतात. आमच्याकडे नाही.

आई उपासाची असते, त्यामुळे चव तिला घेता येत नाही. ती झाकण उघडायला सांगते, वास घेते आणि बहुतेक वेळा म्हणते, "थोडी चिंच राहिली." ती म्हणते तेव्हा चिंच खरंच राहिलेली असते.

नैवेद्य बारापर्यंत. केळीच्या पानावर वरीचा भात, त्यावर भाजी, कणसाचा तुकडा समोर दिसेल असा. उपास नसलेल्यांसाठी साधा भात आणि वरणही असतं, पण त्या दिवशी वरणाकडे फारसं कुणी वळत नाही. मुलं आधी कणीस उचलतात. दाण्यांत आंबट-तिखट रस शिरलेला असतो, तो चोखून खाताना हात कोपरापर्यंत माखतात. मग चवळीचे दाणे, शेंगदाणे, भोपळा, सुरण, एकेक शोधत जेवण चालतं. काका दरवर्षी सुरण मोजून दोन फोडी घेतात आणि नंतर परत मागतात. वरच्या आजींना दात नाहीत, त्यांच्यासाठी मी कणसाचे दाणे सोडवून वेगळे ठेवतो. आई सगळ्यांनंतर, पूजा पुरी करून जेवते. ती एकही शब्द न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेते तेव्हा मला काय वाटतं ते मी तिला कधी सांगितलेलं नाही, इथे सांगतो: वर्षभरात मी केलेल्या कुठल्याही कामाचं मला इतकं समाधान मिळत नाही.

चार वाजता उत्तरपूजा. बाप्पाच्या हातावर दही, सोबत शिदोरी, आणि ढोल-ताशे सुरू झाले की दादर चौपाटीकडे निघायचं. परत येईपर्यंत आठ वाजतात. मखर रिकामं असतं, सगळे दमलेले असतात, आणि रात्री स्वयंपाक करायचा नसतो. पातेल्यात भाजी आहे. तोवर ती मुरलेली असते, चिंच आणि खोबरं एकजीव झालेलं असतं आणि रस आणखी दाटलेला. गरम करताना अर्धी वाटी पाणी घालायचं, नाहीतर मका बुडाला धरतो. शेजारच्या तीन घरांत डबे जातात. उरलेली सकाळी तांदळाच्या भाकरीबरोबर, कारण तोवर षष्ठी लागलेली असते आणि नांगराचं धान्य पुन्हा चालतं. ती वाटीभर भाजी कुणाला मिळणार यावरून माझी मुलगी आणि भाचा रात्रीच बोली लावून ठेवतात.